‘काही नाही अम्मी, बरा आहे’ : कॉलेजातल्या मुलांची उदासी ओळखायची कशी?

रात्रीचे साडेअकरा. घरातले सगळे झोपलेले. आतल्या खोलीत मोबाईलचा उजेड दिसतो म्हणून अम्मी दार लोटून विचारते, "बेटा, अजून झोपला नाहीस? बरं वाटत नाही का?" आतून उत्तर येतं, "काही नाही अम्मी, बरा आहे. अभ्यास करतोय." पुस्तक मात्र तीन दिवसांपासून त्याच पानावर उघडं पडलेलं असतं. सकाळी अब्बा म्हणतात, "दिवसभर लोळत असतो, मोबाईलने बिघडवलं याला." दादी म्हणते, "नजर लागली पोराला." शेजारची खाला म्हणते, "नमाज सुटली की असंच होतं." मुलगा सगळं ऐकून घेतो आणि आणखी गप्प होतो.

हे चित्र कुण्या एका घराचं नाही. जालना शहर असो की अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, घनसावंगी, बदनापूर, जाफराबाद. ज्या घरात कॉलेजात जाणारं मूल आहे, त्या घराला यातलं काही ना काही ओळखीचं वाटेल. तिघांनी तीन कारणं सांगितली, पण जवळ बसून त्याचं पूर्ण ऐकून कुणीच घेतलं नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे: ही उदासी म्हणजे आळस नाही, नखरा नाही आणि ईमानची कमजोरीही नाही. वेळेवर ओळखली तर ती बरी होते. आणि ती सगळ्यात आधी ओळखू शकतं ते घरच.

ताण वेगळा, आजार वेगळा

परीक्षा जवळ आली की छातीत धडधडतं, भूक कमी होते, चिडचिड होते. हा ताण. थोडा ताण कामाचाही असतो, तो माणसाला अभ्यासाला बसवतो. पेपर झाला, निकाल लागला की तो उतरतो. मित्राशी भांडण झालं, मार्क कमी पडले, घरात कुणाचा इंतकाल झाला तर मन उदास होणारच. तेही माणसाचं माणूसपण आहे, आजार नाही.

पण उदासी जर दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली. ज्या गोष्टीत आधी मन रमायचं त्यात रमेनासं झालं. झोप, जेवण, अभ्यास, लोकांत मिसळणं यावर परिणाम व्हायला लागला, तर त्याला डॉक्टर नैराश्य म्हणतात. तो आजार आहे. कावीळ झालेल्या मुलाला आपण "मन घट्ट कर" असं सांगत नाही. इथेही नुसत्या सांगण्याने भागत नाही.

हे किती जणांना होतं? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १८ वर्षांवरच्या दर १०० माणसांपैकी सुमारे १० जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे साठ जणांच्या वर्गात चार-पाच मुलं. पंचविशीच्या आतलं वय या आजारांच्या सुरुवातीचं वय मानलं जातं, आणि कॉलेजची वर्षं नेमकी त्यातच येतात.

आता कडू आकडाही सांगावा लागेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यात सगळ्यात जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले होते. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. ही दूरच्या शहरातली गोष्ट नाही, एवढंच लक्षात यावं.

आपल्या मुलांच्या पाठीवर काय काय आहे

जालना स्टीलचं आणि बियाण्यांचं शहर, तालुके कपाशी आणि मोसंबीचे. आपल्या समाजातली बरीच घरं गॅरेज, हातगाडी, भाजी-फळाचा धंदा, शिलाई, ड्रायव्हरकी, कारखान्यातली मजुरी नाहीतर थोडीशी शेती यावर चालतात. अशा घरात कॉलेजचं तोंड पाहणारं मूल बहुतेक वेळा घरातलं पहिलंच असतं. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये देशातल्या एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम विद्यार्थी ४.६ टक्के होते. लोकसंख्येत मुस्लिम १४.२ टक्के आहेत (२०११ ची जनगणना). जो एक जण तिथपर्यंत पोचतो, त्याच्यावर आपोआप सगळ्या घराची उमेद येऊन बसते. "तूच आता घराचं नाव काढणार" हे आपण प्रेमाने बोलतो, पण नापास झालेल्या दिवशी त्याच वाक्याचं ओझं होतं.

त्यात डॉक्टरकीचं वेड. २०२४ च्या नीट परीक्षेला देशभरातून २३ लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर, आणि त्यातल्या निम्म्याच्या जवळपास खासगी कॉलेजांतल्या, सामान्य घराला न परवडणाऱ्या. म्हणजे वीस मुलांमागे एखादंच मूल आत जाणार, हे परीक्षेआधीच ठरलेलं आहे. बाकीची मुलं नालायक नसतात, जागाच तेवढ्या आहेत. त्याच वर्षी पेपरफुटीचा गोंधळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. इमानदारीने अभ्यास करणाऱ्या मुलांचा त्या काळात किती जीव टांगणीला लागला असेल! तरी निकालाच्या दिवशी आपण मुलालाच विचारतो, "अमुकच्या पोराचा नंबर लागला, तुझा का नाही?"

शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे, लातूर इथे राहणाऱ्यांचं दुःख वेगळं. खोली शोधताना आडनाव विचारलं जातं आणि मग "खोली भरली" असं उत्तर येतं. हा अपमान मुलं घरी सांगत नाहीत, कारण अम्मी काळजी करेल. मोबाईलवर रोज येणारे द्वेषाचे व्हिडिओ आणि घाणेरडे मेसेज मनात साचत राहतात. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला अकरावीत एकदम इंग्रजीतून फिजिक्स समजून घ्यावं लागतं आणि वर्गात प्रश्न विचारायची लाज वाटते.

मुलींचं तर घड्याळच वेगळं चालतं. दुसऱ्या वर्षाला आली की रिश्ते यायला लागतात. "या वर्षी पास झाली तर पुढे शिकू, नाहीतर लग्न" अशी अट कित्येक घरांत असते. मग तिच्यासाठी प्रत्येक पेपर हा आयुष्याचा फैसला होतो. वर घरकाम, एसटीचा प्रवास, रस्त्यावरची छेडछाड. छेडछाड झाली हे घरी सांगावं तर कॉलेजच बंद होण्याची भीती. म्हणून ती गप्प बसते.

कोणत्या खुणा बघायच्या

आपली मुलं "मला डिप्रेशन आलंय" असं म्हणणार नाहीत. ती म्हणतील, "डोकं दुखतंय", "पोटात कसंतरी होतंय", "जीव घाबरतोय", "कशातच मन लागत नाही". म्हणून बोलण्यापेक्षा बदल बघा:

- झोप उडाली, किंवा दुपारपर्यंत उठवत नाही.
- जेवण एकदम कमी किंवा एकदम जास्त झालं.
- क्रिकेट, मित्र, भावंडांची मस्करी, ईदची खरेदी, आवडीचं सगळं सोडून दिलं.
- लहानसहान गोष्टीवर राग. तरुण मुलांत उदासी बऱ्याच वेळा रडण्यातून नाही, रागातून बाहेर पडते.
- कॉलेजला जातो म्हणून निघतो, पण जात नाही.
- गुटखा, सिगारेट, गोळ्या, नशा सुरू झाली.
- "मी तुमच्यावर बोजा आहे", "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी वाक्यं.

यातली एखादी खूण दोन दिवस दिसली तर घाबरू नका. तीन-चार एकत्र दिसल्या आणि दोन आठवडे गेले तर थांबू नका. शेवटच्या खुणेला मात्र दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या. सततचा थकवा आणि उदासपणा काही वेळा रक्ताच्या कमतरतेने, थायरॉईडने किंवा बी-१२ कमी असल्यानेही येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणून मुलीला "नाजूक आहे" म्हणण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या.

ईमान आणि उदासी

आपल्या घरांत सगळ्यात जास्त लागणारं वाक्य म्हणजे "तुझं ईमानच कमजोर आहे." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आधीच स्वतःला नालायक समजणाऱ्या मुलाला यातून एकच अर्थ कळतो: अल्लाहही माझ्यावर नाराज आहे.

जरा विचार करा. हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात एवढे रडले की त्यांची दृष्टी गेली, हे कुरआनमध्येच आलं आहे. त्यांच्या ईमानवर कोण बोट ठेवेल? ज्या वर्षी हजरत खदीजा (रजि.) आणि चाचा अबू तालिब यांचा इंतकाल झाला, ते वर्ष प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात ‘आमुल हुज्न’ म्हणजे दुःखाचं वर्ष म्हणूनच ओळखलं जातं. दुःख होणं गुनाह असतं तर या वर्षाला हे नाव पडलंच नसतं. प्रत्येक आजारावर इलाज उतरवला आहे आणि उपचार करा, ही शिकवण हदीसमध्ये आहे. त्यात शरीराचा आजार आणि मनाचा आजार असा भेद केलेला नाही.

आपल्या पूर्वजांना हे चांगलं माहीत होतं. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख इथले विद्वान अबू जैद अल-बल्खी (इ.स. ८५० ते ९३४) यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. हकीम फक्त शरीराकडे बघतात, मनाकडे नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्याचं कारण कळतं ते दुःख वेगळं आणि बाहेरचं काही कारण नसताना येणारी उदासी वेगळी, असं त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडलं. घरात औषधं ठेवतो तसे चांगले विचार बऱ्या दिवसांतच साठवून ठेवावेत, म्हणजे वाईट दिवसांत कामी येतात, असंही त्यांनी सुचवलं.

नमाज, जिक्र, दुआ, जमातीत लोकांना भेटणं, यातून मनाला आधार मिळतो, यात शंका नाही. ते सोडू नका. पण दुआ आणि दवा एकमेकींच्या विरोधात नाहीत. उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवायचा, ही आपलीच शिकवण आहे. ताविज-गंड्याच्या नावाखाली हजारो रुपये घेणाऱ्या, "जिन्न उतरवतो" म्हणून मुलीला मारहाण करणाऱ्या भोंदूंकडे मात्र अजिबात जाऊ नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, अशी मारहाण हा गुन्हा आहे.

घरात काय बोलावं

फार मोठं काही करावं लागत नाही. जेवण झाल्यावर किंवा ईशानंतर मुलाजवळ एकट्याने बसा. मोबाईल बाजूला ठेवा, आधी स्वतःचा. म्हणा, "काही दिवसांपासून तू गप्प दिसतोस. मला काळजी वाटते. मी रागावणार नाही, फक्त ऐकणार." मग खरंच ऐका. मध्येच सल्ला देऊ नका, आपल्या काळातल्या कष्टांची कहाणी लावू नका. पहिल्या दिवशी तो काही बोलणार नाही. दोन-चार दिवसांनी पुन्हा बसा.

"आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो आणि तू...", "लोक काय म्हणतील", "चाचाच्या मुलाकडे बघ" ही तीन वाक्यं आजपासून बंद करा. त्याऐवजी एक वाक्य रोज कानावर पडू द्या: "निकाल काहीही लागो, या घराचा दरवाजा तुला उघडा आहे."

झोपेची वेळ ठरवा, रात्री मोबाईल खोलीबाहेर चार्जिंगला लावा, फजरनंतर मुलासोबत मोतीतलावाकडे चक्कर मारा. चालणं आणि सकाळचं ऊन दोन्ही मनाला बरं करतात.

आणि अडचण पैशाची असेल तर त्यावर समुपदेशन नको, पैशाचाच मार्ग शोधा. महाडीबीटीवर अल्पसंख्याक आणि ओबीसी शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरले आहेत का बघा. मुस्लिम ओबीसी जातींतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीमध्ये २०२४-२५ पासून पूर्ण सवलत आहे. जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेळेवर काढला नाही म्हणून कित्येक घरं नाहक कर्जात जातात.

मदत कुठे मिळेल

पहिली जागा फोनवरच आहे. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू, मोफत, मराठीतून आणि हिंदीतून बोलता येतं. मुलगा स्वतः करू शकतो आणि "माझ्या मुलीशी कसं बोलू?" हे विचारायला आईसुद्धा करू शकते.

दुसरी जागा जालन्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे मानसिक आजारांवर तपासणी आणि उपचार होतात. केसपेपर काढताना "मनोविकार विभाग" एवढंच सांगा. १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतात. तालुक्यातल्या लोकांनी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, ते पुढे पाठवतील. राज्यातली चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्यात एकही नाही. जालन्यात असं रुग्णालय उभारायचा निर्णय सरकारने घेतला आहे. ते लवकर उभं राहावं म्हणून आपणही लोकप्रतिनिधींना विचारत राहायला हवं.

"पण लोकांना कळलं तर? मुलीचा रिश्ता मोडला तर?" ही भीती खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. आणि उपचार घेऊन बरी झालेली मुलगी ही लपवून ठेवलेल्या आजारी मुलीपेक्षा केव्हाही चांगल्या स्थितीत असते.

गोळ्यांबद्दलही गैरसमज आहेत. सगळ्यांना गोळ्या लागतातच असं नाही, बऱ्याच जणांना समुपदेशनानेच आराम पडतो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. "आठ दिवस खाल्ल्या, काही फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तरुण मुलांवर जास्त लक्ष ठेवा, अस्वस्थता वाढली तर लगेच डॉक्टरांना सांगा. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, म्हणून मेडिकलवरून आपल्या मनाने त्या आणू नका. रमजानमध्ये गोळ्या स्वतः बंद करू नका. आधीच डॉक्टरांना विचारा, बऱ्याच औषधांच्या वेळा सेहरी आणि इफ्तारला बसवता येतात.

कॉलेज आणि मोहल्ल्याची जबाबदारी

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांना, कोचिंग क्लासेसनाही, १५ सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, मदतीचे फोन नंबर वर्गात आणि होस्टेलमध्ये दिसतील असे लावायला हवेत, मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या करू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. पालकांनी कॉलेजात जाऊन विचारावं: "तुमच्याकडे समुपदेशक कोण आहे? कोणत्या दिवशी बसतात?" हा आपला हक्क आहे.

मशिदीच्या इमाम साहेबांना आमची विनंती आहे. निकालाच्या दिवसांत जुम्याच्या खुत्ब्याआधीच्या बयानात पाच मिनिटं या विषयाला द्या. इमाम साहेबांनी "डॉक्टरकडे जा" म्हटलं तर दहा लेखांचं काम एका वाक्यात होतं. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी अकरावी-बारावीच्या दोन-दोन मुलांना हाताशी धरलं तरी खूप होईल.

ही वेळ थांबायची नाही

मूल मरणाबद्दल बोलत असेल, निरोप घेतल्यासारखं वागत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर स्पष्ट विचारा, "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. उत्तर "हो" आलं तर ओरडू नका, "हे हराम आहे" म्हणून तोंड बंद करू नका. ते त्यालाही माहीत आहे, म्हणूनच तर तो लपवत होता. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या धोक्याच्या वस्तू आणि औषधं दूर ठेवा, १४४१६ ला फोन करा, जास्त धोका वाटला तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट जिल्हा रुग्णालय गाठा. पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नका. २०१७ च्या कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

मूल ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, असं आपण नेहमी म्हणतो. ती अमानत म्हणजे त्याचे मार्क नाहीत, त्याचा नीटचा नंबर नाही, ते मूल स्वतः आहे. आज रात्री आतल्या खोलीत उजेड दिसला तर दार लोटा, आत जा, पलंगाच्या कडेला बसा. "काही नाही अम्मी, बरा आहे" असं उत्तर आलं तरी लगेच उठून जाऊ नका. अजून थोडा वेळ बसा.